कुराशिकीत एक रात्र तरी राहा

जपानला जाणाऱ्या मराठी मंडळींची सहल साधारण ठरलेली असते. तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका आणि शेवटी हिरोशिमा. चेरीचा बहर गाठायचा, शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये बसायचं, हिरोशिमाच्या शांती स्मारकापुढे नतमस्तक व्हायचं आणि परतायचं. यात काही चूक नाही. पण ओसाकाहून हिरोशिमाला जाताना वाटेत ओकायामा स्टेशन लागतं आणि आपली मंडळी तिथून सरळ पुढे निघून जातात. माझं सांगणं एवढंच आहे: ओकायामाला उतरा, तिथून पाव तासाची लोकल पकडा, कुराशिकीला जा आणि एक रात्र मुक्काम करा.

कुराशिकी हे कालव्याकाठचं जुनं व्यापारी गाव. ते फार देखणं आहे, आणि फोटोसाठी एवढं कारण पुरेसंही आहे. पण मुक्कामाचा आग्रह धरण्यामागचं कारण वेगळं आहे. ज्या पाण्यावर गाव जगत होतं त्या पाण्याचा धंदा बुडाल्यावर गावाने काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर इथे विटा-चुन्यात उभं आहे. ते उत्तर आपल्याला, विशेषतः मुंबईकरांना, पाहायची गरज आहे.

आधी गाव कसं वसलं ते सांगायला हवं. कुराशिकीच्या दक्षिणेला चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता. कोजिमा हा आज जमिनीला जोडलेला भाग तेव्हा खरोखरीचं बेट होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उकिता हिदेइए या सरदाराच्या अमलात बांध घालून समुद्र मागे सारायला सुरुवात झाली आणि पुढच्या पिढ्यांनी ते काम चालू ठेवलं. कोकणातली खारबंदिस्ती किंवा गोव्यातली खाजणं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना पुढची अडचण सांगायला नको. अशा जमिनीत मीठ असतं आणि भात लवकर धरत नाही. इथल्या शेतकऱ्यांनी खारं सोसणारी पिकं घेतली. एक कापूस आणि दुसरं इगुसा, म्हणजे जपानी चटया विणायला लागणारं लव्हाळ्यासारखं गवत. कापसामागून सूत आलं, सुतामागून व्यापारी आले आणि व्यापाऱ्यांनी वखारी बांधल्या. १६४२ साली शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या सरकारने हा मुलूख थेट आपल्या ताब्यात घेतला. मग भोवतालच्या गावांचा साऱ्याचा तांदूळही इथेच जमा होऊ लागला.

हा सगळा माल ये-जा करायचा तो कुराशिकी नदीतून. नकाशावर ती नदी आहे, पण तिने काम केलं ते कालव्याचं. दोन्ही तीर दगडाने बांधून काढलेले, मधूनमधून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. भरती आली की कोजिमा आखातातून होड्या आत यायच्या, पायऱ्यांना लागायच्या, पोती वखारींत चढायची आणि ओहोटीबरोबर होड्या परतायच्या. रात्री येणाऱ्या होड्यांसाठी काठावर दगडी दीपस्तंभ होता. तो आजही जागेवर आहे.

पुढे रेल्वे आली, रस्ते झाले आणि होड्यांचं काम घटत गेलं. १९५९ साली कोजिमा आखातावर बांध पूर्ण झाला. शेतीला गोडं पाणी मिळालं, पण नदीची भरती-ओहोटी कायमची तुटली. कुराशिकीचा जलमार्ग असा संपला. त्या काळात जपानमधल्या अनेक शहरांनी आपले जुने कालवे बुजवून त्यांवर रस्ते केले. कुराशिकीने कालवा ठेवला. तो आपोआप राहिला नाही, तो राखावा लागला, आणि राखणारी माणसं कोण होती हे समजून घेतल्याशिवाय तिथे फिरण्यात अर्धीच मजा आहे.

त्यातलं पहिलं नाव मागोसाबुरो ओहारा यांचं. त्यांच्या वडिलांनी पुढाकार घेऊन उभारलेली कुराशिकीची सूतगिरणी १८८९ मध्ये सुरू झाली. १९०६ साली गिरणीच्या वसतिगृहात साथ पसरली आणि कामगार दगावले. वडील पायउतार झाले आणि कारभार पंचविशीतल्या मागोसाबुरोंच्या हाती आला. त्यांनी कामगारांची कोंदट सामायिक वसतिगृहं मोडून छोटी, हवेशीर घरं बांधायला घेतली. १९१९ साली ओसाकात सामाजिक संशोधनाची संस्था काढली, १९२१ साली कामगारांच्या श्रमांचा शास्त्रीय अभ्यास करणारी संस्था काढली आणि १९२३ साली रुग्णालय उभं केलं. ते रुग्णालय गिरणीपुरतं न ठेवता गावालाही खुलं होतं आणि आजही चालू आहे. याच माणसाने तोराजिरो कोजिमा या चित्रकार मित्राला युरोपात पाठवलं, आधी शिकायला आणि मग चित्रं विकत घ्यायला. कोजिमा यांनी क्लोद मोने यांच्याकडून थेट त्यांचं पाणकमळांचं चित्र मिळवलं. १९२२ साली पॅरिसमध्ये एल ग्रेकोचं एक चित्र दिसलं, ते मोठ्या किमतीचं होतं म्हणून त्यांनी मागोसाबुरोंकडे विचारणा केली आणि परवानगी आल्यावर तेही घेतलं. १९२९ मध्ये कोजिमा वारले. त्यांच्या स्मरणार्थ १९३० मध्ये कालव्याच्या काठी ओहारा कला संग्रहालय उघडलं. पाश्चात्त्य कलेला वाहिलेलं जपानमधलं हे पहिलं संग्रहालय. लहान गावात, ग्रीक मंदिरासारख्या खांबांमागे, एल ग्रेको आणि मोने आजही भेटतात. संग्रहालयाच्या आवारातल्या तळ्यात मोने यांच्या जिव्हर्नीच्या बागेतून आणलेली पाणकमळं आहेत. उन्हाळ्यात गेलात तर फुललेली दिसतील.

दुसरं नाव त्यांचे चिरंजीव सोइचिरो ओहारा यांचं. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ते युरोपात होते तेव्हा जर्मनीतलं रोथेनबुर्ग हे जपून ठेवलेलं मध्ययुगीन गाव त्यांच्या पाहण्यात आलं आणि कुराशिकी असंच जपता येईल हे त्यांनी मनात धरलं. त्यांनी एकट्याने सगळं केलं असं मात्र नाही. १९४८ मध्ये जुन्या तांदळाच्या वखारींत लोककलांचं संग्रहालय सुरू झालं. त्याचे पहिले संचालक किचिनोसुके तोनोमुरा यांनी गावाच्या घरांकडे कसं पाहायचं हे गावकऱ्यांना शिकवलं. १९५० मध्ये आणखी एका वखारीत पुरातत्त्व संग्रहालय आलं. वास्तुविशारद शिझुतारो उराबे यांनी जुन्या इमारती नव्या कामाला कशा लावायच्या ते करून दाखवलं.

मग नगरपालिकेने कायद्याची जोड दिली. १९६८ साली कुराशिकीने पारंपरिक सौंदर्य जपण्याचा स्वतःचा नियम केला. देशाचा तसा कायदा त्यानंतर सात वर्षांनी आला. १९७९ मध्ये कालव्याकाठच्या या भागाला राष्ट्रीय संरक्षण मिळालं. त्यापुढचं पाऊल मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. १९९० साली शहराने जुन्या वस्तीच्या पाठीमागे जे दिसतं त्यासाठीही नियम केला. कालव्यावरच्या पुलावर उभं राहून पाहिलं तर जुन्या छपरांच्या मागून उंच इमारतीने डोकं वर काढता कामा नये, असा त्याचा आशय. वारसा जपायचा म्हणजे इमारतीच्या भिंतीपर्यंतच जपायचा नसतो, तिच्या मागचं आकाशही जपायचं असतं, हे या शहराने लेखी मान्य केलं. इमाबाशी पुलावर गेलात की ही गोष्ट मुद्दाम तपासून पाहा.

आता एका भिंतीजवळ थांबा. वखारीच्या भिंतीच्या खालच्या भागावर काळसर चौकोनी फरशा बसवलेल्या दिसतील आणि त्यांच्या सांध्यांवर पांढऱ्या चुन्याची जाड, गोलसर कड. दुरून ही नक्षी वाटते. जवळ गेलं की काम कळतं. पावसाचे शिंतोडे उडतात तो भिंतीचा खालचा भाग, शेजारी पेट घेतला तर आधी झळ लागते तीही भिंतच. फरशी पाणी आणि आग दोन्ही अडवते. सांध्यात पाणी शिरू नये म्हणून त्यावर चुन्याचा हा उंचवटा. हाताने चढवलेला असल्यामुळे प्रत्येक कड जरा वेगळी आहे. मग राहत्या घरांकडे वळा. तिथे भिंतीच्या जागी लाकडी जाळी असते: दोन उंच उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये तीन आखूड, बारीक पट्ट्या. आत उजेड जातो, पण रस्त्यावरून आतलं दिसत नाही. आधी वखारीची भिंत आणि नंतर घराची जाळी असं पाहत गेलात तर दुकानाच्या पाट्या न वाचताही कोणती इमारत कशासाठी होती ते तुमचं तुम्हाला ओळखता येईल. घर आतून कसं होतं ते पाहायचं असेल तर १७९६ सालचं ओहाशी घर लोकांसाठी खुलं आहे.

यानंतर गिरणीकडे या. कालव्यापासून ती चालत काही मिनिटांवर आहे. लाल विटांची, करवतीच्या दात्यांसारख्या छपराची १८८९ ची गिरणी. महायुद्धाच्या काळात इथली सूतकताई थांबली. १९७४ मध्ये उराबे यांनी ती पाडण्याऐवजी तिच्यात हॉटेल आणि संग्रहालयं बसवली. मधलं छत काढून मोकळा चौक केला, बाकीच्या भिंती तशाच ठेवल्या. भिंतींवर आयव्हीची वेल आहे. ती शोभेसाठी लावलेली नव्हती. गिरणीत उन्हाने होणारी काहिली कमी व्हावी म्हणून पूर्वीच चढवलेली होती. म्हणून या जागेचं नाव आयव्ही स्क्वेअर. कापसाच्या जुन्या गोदामात गिरणीचा इतिहास मांडला आहे.

गिरणगावात ज्यांचे आजोबा-पणजोबा खपले त्यांनी या चौकात जरा वेळ बसावं. जपानच्या गिरण्या आणि मुंबई यांचं नातं जुनं आहे. जपानी सूतगिरण्या वाढल्या तेव्हा त्यांना हिंदुस्थानी कापूस लागत होता आणि तो मुंबई बंदरातून जात होता. १८९३ साली जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबईची जहाजसेवा सुरू केली ती मुख्यतः त्याच कापसासाठी. पुढे दोन्हीकडच्या गिरण्या थकल्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर आपल्याकडे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. काही ठिकाणी चिमणी तेवढी राहिली आणि भोवती मॉल व मनोरे आले. मुंबईतल्या जमिनीचा भाव आणि कुराशिकीतल्या जमिनीचा भाव यांची बरोबरी होणार नाही, हे मला मान्य आहे. गिरणी कामगाराच्या हक्काच्या घराचा प्रश्न कुठल्याही हॉटेलाने सुटला नसता, हेही खरं. तरीही बंद पडलेली गिरणी तिच्या भिंतींसकट पुन्हा कामाला लावता येते आणि त्या भिंतींत तिथे राबलेल्या माणसांची गोष्ट सांगता येते, याचा पुरावा डोळ्यांनी पाहायला हवा. तो पाहिलेला माणूस पुढच्या वेळी कुठली जुनी इमारत पडायला निघाली की निदान प्रश्न तरी विचारेल.

आता जाण्याचं बोलू. ओसाकाहून ओकायामा वेगवान शिनकानसेनने पाऊण तास. ओकायामाहून सान्यो मार्गाची साधी लोकल धरा आणि ‘कुराशिकी’ स्टेशनवर उतरा. ‘शिन-कुराशिकी’ हे शिनकानसेनचं वेगळं स्टेशन आहे आणि ते जुन्या गावापासून बरंच लांब पडतं. नावाला फसू नका. कुराशिकी स्टेशनच्या दक्षिण दरवाजाने बाहेर पडलं की दहा-पंधरा मिनिटं चालून कालवा येतो. मोठ्या बॅगा चाकांवर ओढत दगडी गल्ल्यांतून जाऊ नका. मुक्कामाच्या जागी आधी पोचवा किंवा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा.

सोमवार टाळा. ओहारा संग्रहालय सोमवारी साधारणपणे बंद असतं. शनिवार-रविवारी गर्दी उसळते, म्हणून मंगळवार ते गुरुवार उत्तम. कालव्यातून वीसेक मिनिटांची होडी निघते. तिची तिकिटं पर्यटक कचेरीत मिळतात आणि सुट्टीच्या दिवशी लवकर संपतात, तेव्हा सकाळीच घ्या. ऋतू निवडता येत असेल तर एप्रिलचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबर धरा. एप्रिलच्या अखेरीस मागच्या टेकडीवरच्या आची देवळात विस्टेरियाची वेल फुलते आणि तिथून सगळ्या गावाची कौलं एका नजरेत दिसतात. जून-जुलैचा पाऊस आणि ऑगस्टचा उकाडा ज्येष्ठांना त्रासाचा. ज्यांना चालणं कठीण जातं त्यांनीही बिचकू नये. कालव्याकाठचा रस्ता सपाट आहे आणि पाहण्याच्या गोष्टी जवळजवळ आहेत.

मुक्काम कशासाठी, तेही सांगते. दिवसापुरत्या येणाऱ्या बसगाड्या दुपारी परततात. संध्याकाळी पाचच्या सुमारास दुकानं मिटू लागतात. त्यानंतर गाव राहतं ते राहणाऱ्यांचं. दिव्यांची योजना जपानमधल्या नामवंत प्रकाशयोजनाकार मोतोको इशिई यांची आहे. झगमगाट नाही. भिंत, जाळी, पाणी दिसेल एवढाच उजेड. आणि सकाळी सातला बाहेर पडलात तर गल्ली झाडणारी आजी, शाळेला निघालेली मुलं, दुकानापुढे पाणी शिंपडणारा माणूस दिसेल. दुपारी बाराला आलेल्याला हे गाव चित्रीकरणासाठी उभारल्यासारखं वाटण्याची शक्यता आहे. सकाळी सातला तसं वाटत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. जपानी रश्शात, अगदी साध्या उदोन शेवयांच्या पाण्यातही, माशाचा अर्क असतो. ‘मासे नकोत’ एवढं म्हणून भागत नाही. तुम्ही काय खात नाही हे जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा. रियोकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी अतिथिगृहात, राहणार असाल तर ते खोली ठरवतानाच कळवा, पोचल्यावर नाही, कारण तिथला स्वयंपाक आधी आखलेला असतो. दशम्या, चटणी, मेतकूट जरूर न्या, पण आपल्या खोलीत खा. त्यांच्या जेवणघरात डबा उघडला तर यजमानाचा अवमान होतो. मासे खाणाऱ्यांनी मामाकारी ही इथली छोटी मासळी चाखावी. ओकायामाची पांढरी पीच आणि द्राक्षं तर सर्वांसाठीच आहेत.

खरेदी करा, पण पाहून करा. पर्यटकांसाठी मांडलेला कुठेही मिळणारा माल इथेही आहे. त्याऐवजी इथलं घ्या: कॅनव्हासच्या पिशव्या, इगुसाच्या चटया, कोजिमाची डेनिम. रंगीत कागदी चिकटपट्टी घेतलीत तर लक्षात ठेवा, ती बनवणाऱ्या स्थानिक कंपनीची सुरुवात माश्या पकडायच्या चिकट कागदापासून झाली होती. एकेकाळी कापूस पिकवणाऱ्या या मुलखात कॅनव्हास आणि डेनिम अजून बनतात आणि तुमच्या खरेदीतला पैसा ते काम चालू ठेवतो.

सगळ्यांत कळकळीची विनंती वागण्याबद्दल आहे. या घरांत माणसं राहतात. जाळीला डोळा लावून आत पाहू नका. दाराच्या पायरीवर बसून फोटो काढू नका. गल्लीत ओरडून हाका मारू नका, फोन स्पीकरवर ठेवून बोलू नका. रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या फारशा नसतात, तेव्हा आपला कचरा आपल्या पिशवीत ठेवून मुक्कामी न्या. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये रंगीत घरांपुढे तासन्‌तास चालणाऱ्या फोटोंमुळे तिथले रहिवासी किती वैतागले आहेत ते आपण जाणतो. त्यांनी दारांवर पाट्या लावल्या, कारण सांगून कोणी ऐकेना. जपलेल्या गावाला पाहुण्यांचा पैसा लागतो, पण पाहुण्यांनी राहणाऱ्याला हुसकलं तर मागे भिंती तेवढ्या उरतात. पणजीत असो की कुराशिकीत, पाहुण्याने आपल्या वाटणीची काळजी घ्यायलाच हवी.

म्हणून सहल ठरवणाऱ्या सर्वांना सांगणं आहे. स्वतः बेत आखत असाल तर ओसाकाची एक रात्र कमी करा आणि ती कुराशिकीला द्या. ग्रुपबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: ओकायामाला थांबा आहे का, आणि नसेल तर का नाही? चार जणांनी विचारलं तर पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात तो थांबा येईल. आणि परत आल्यावर आपल्या गावातला जुना बंदराचा धक्का, वखार, गिरणी किंवा वाडा पाडायची नोटीस लागली तर नगरपालिकेच्या सूचना-हरकतींच्या मुदतीत एक पत्र नक्की लिहा. कुराशिकीत १९६८ साली झालेला नियम नगरपालिकेचाच होता. आपल्याकडेही नगरपालिका आहेत. त्यांना सांगणारे नागरिक हवेत.